रुग्णशय्येपाशी शिकताना

वाराणसीस दशाश्वमेध घाटापासून थोडे दक्षिणेस अहिल्याबाई घाट आहे. माळव्याच्या राज्यकर्त्या अहिल्याबाई होळकर यांनी अठराव्या शतकात तो बांधवला. विश्वनाथाच्या मंदिराची १७८० च्या सुमारास झालेली पुनर्बांधणीही त्यांचीच. या घाटाच्या पायऱ्या चढून गोदौलिया, मदनपुरा, सोनारपुरा या वस्त्यांतून दक्षिणेकडे चार-पाच किलोमीटर गेले की लंका नावाचा भाग लागतो. तेथे काशी हिंदू विश्वविद्यालयाचे मोठे प्रवेशद्वार आहे व आतील बाजूस सर सुंदरलाल रुग्णालय. विश्वविद्यालयाची स्थापना १९१६ ची. आधुनिक वैद्यकाचे महाविद्यालय तेथे १९६० साली सुरू झाले आणि १९७१ साली त्याचे रूपांतर वैद्यकविज्ञान संस्थेत झाले. पूर्व उत्तर प्रदेश, बिहारचा पश्चिम भाग, झारखंड व मध्य प्रदेशाचे लगतचे जिल्हे एवढ्या विस्तृत प्रदेशातून येथे रोगी येतात. आणि प्रवेश अखिल भारतीय परीक्षेतून होत असल्याने विद्यार्थीही देशाच्या सर्व भागांतून येतात. त्यांत मराठी घरांतील मुलेमुलीही असतात.

वैद्यकाचा विद्यार्थी पहिले वर्ष शरीररचना, शरीरक्रिया व जीवरसायन यांत घालवतो. दुसऱ्या वर्षापासून त्याला पाळीपाळीने औषधवैद्यक, शल्यचिकित्सा, स्त्रीरोग व प्रसूती, बालरोग इत्यादी विभागांत पाठविले जाते. विद्यार्थी यालाच ‘पोस्टिंग’ म्हणतात. येथे अनेक हुशार विद्यार्थ्यांची प्रथम गाठ अपयशाशी पडते. ज्याने पुस्तकातील प्रत्येक पान पाठ केले, तो रोग्याच्या खाटेजवळ मुका उभा राहतो. प्रश्न विचारायचा म्हटला की शब्द सुचत नाही, हात लावायचा म्हटला की संकोच वाटतो. रुग्णालयात नीट शिकावे कसे, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

काशीची जुनी शिकवण

हा प्रश्न नवा नाही, आणि काशीला तर तो फारच जुना आहे. सुश्रुतसंहितेतील कथेप्रमाणे काशीचा राजा दिवोदास धन्वंतरी याने सुश्रुत व त्याच्या सहाध्यायांना शल्यशास्त्र शिकविले. या ग्रंथाच्या सूत्रस्थानातील एक संपूर्ण अध्याय सरावाला वाहिलेला आहे. ज्याने शास्त्र पूर्ण वाचले आहे, त्यालाही कर्माचा अभ्यास केल्यावाचून रोग्याच्या अंगावर शस्त्र चालविण्याचा अधिकार नाही, अशी तेथील भूमिका आहे. म्हणून छेदनाचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी अशा फळांवर करावा. वेधनाचा मृत जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर. शिवणकामाचा जाड व तलम कापडावर आणि मऊ कातड्यावर. पट्टी बांधण्याचा बनविलेल्या बाहुल्याच्या अवयवांवर, असे तपशील दिले आहेत. शारीरस्थानात मृत शरीर वाहत्या पाण्यात काही दिवस ठेवून नंतर त्याचे थर एकेक करून पाहण्याची रीतही सांगितली आहे.

या ग्रंथात एक मार्मिक विचार आहे. केवळ शास्त्र जाणणारा वैद्य रोग्यासमोर रणांगणावरील भित्र्या माणसासारखा गोंधळतो. केवळ कर्म जाणणाऱ्यालाही सुज्ञांत मान मिळत नाही. एका पंखाचा पक्षी उडू शकत नाही, तसे हे दोघेही अपुरे होत. आज सराव करण्यासाठी फळांच्या जागी रबराचे हात व प्लास्टिकची फुप्फुसे आली आहेत. परंतु क्रम तोच असला पाहिजे. सुई टोचणे, टाका घालणे, पट्टी बांधणे ही कामे शक्य तितकी प्रथम निर्जीव वस्तूवर शिकावीत. रोग्याचे शरीर ही पहिल्या चुकीची जागा नव्हे.

खाटेजवळचे शिक्षण कसे आले

युरोपात दीर्घकाळ वैद्यकाचे शिक्षण व्याख्यानगृहात होत असे. अठराव्या शतकाच्या आरंभी हॉलंडमधील लायडन येथे हेर्मान बूरहाव्ह हा प्राध्यापक अवघ्या बारा खाटांच्या, सहा पुरुषांच्या व सहा स्त्रियांच्या, वॉर्डात विद्यार्थ्यांना शिकवी. आणि त्या बारा खाटांपाशी शिकण्यासाठी सर्व युरोपातून विद्यार्थी येत. मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ साली सुरू झाले, ते जमशेटजी जीजीभाई रुग्णालयाला जोडूनच. त्याच्या पहिल्या पदवीधरांत, १८५१ साली, भाऊ दाजी लाड होते. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स संस्थेत विल्यम ऑस्लर यांनी विद्यार्थ्याला वॉर्डातील एक कर्मचारीच बनविले. काही खाटा त्याच्या नावावर असत. त्या रोग्यांचा वृत्तांत लिहिणे, लघवी व रक्त तपासणे, रोज त्यांची विचारपूस करणे हे त्याचे काम असे. आपण विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकविले, हेच आपले सर्वांत महत्त्वाचे कार्य असे ऑस्लर मानत.

या इतिहासातून एक गोष्ट निघते. जो विद्यार्थी वॉर्डात प्रेक्षक म्हणून उभा राहतो, त्याला फार थोडे मिळते. ज्याच्याकडे एखादे काम सोपविलेले असते व ते न झाल्यास कोणाचे तरी अडते, तोच शिकतो. भारतात २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमानेही हाच विचार स्वीकारला आहे; विद्यार्थ्याने कोणते कौशल्य पाहिले, कोणते स्वतः केले, याची नोंद कार्यवहीत ठेवावी लागते. मात्र वहीत सह्या जमविणे व कौशल्य मिळविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्याने विसरू नये.

विद्यार्थ्याजवळचे एकमेव धन

वॉर्डात विद्यार्थ्यापेक्षा सर्वांनाच अधिक येते. प्राध्यापकांना अनुभव आहे, निवासी डॉक्टरांना चपळाई आहे, परिचारिकांना रोग्याची रात्र कशी गेली हे ठाऊक आहे. विद्यार्थ्याजवळ मात्र एक गोष्ट आहे, जी यांपैकी कोणाजवळही नाही. ती म्हणजे वेळ. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तज्ज्ञाला एका रोग्यास थोडीच मिनिटे देता येतात. विद्यार्थी एका खाटेजवळ तासभर बसू शकतो. हे धन त्याने नीट खर्च केले, तर जे इतर कोणाला कळले नाही ते त्याला कळते, आणि त्या क्षणी तो रोग्याच्या उपयोगी पडतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. मदनपुऱ्यातील एक विणकर खोकला व बारीक ताप घेऊन दाखल झाला आहे. कागदावर ‘खोकला, दोन महिने’ एवढेच लिहिलेले आहे. विद्यार्थी त्याच्याजवळ बसतो व विचारतो, काम कोणते, किती तास, खोलीला खिडकी आहे काय, मागाजवळ आणखी कोण बसते, घरात आणखी कोणाला खोकला आहे काय. हळूहळू कळते की दोन वर्षांपूर्वी त्याला क्षयाची औषधे सुरू केली होती. महिन्या-दोन महिन्यांत बरे वाटू लागले आणि दवाखान्यात जायचे तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून त्याने ती सोडली. क्षयाच्या नेहमीच्या उपचाराला साधारण सहा महिने लागतात, व मध्येच सोडलेल्या औषधांना जंतू दाद देईनासे होण्याचा धोका असतो. म्हणजे या एका वाक्याने पुढील तपासण्या व औषधयोजना यांचा सारा विचार बदलतो. हे वाक्य क्ष-किरणाच्या चित्रात कोठेही दिसले नसते.

व्यवसायाविषयीचा हा प्रश्न वैद्यकात आग्रहाने आणला तो बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने. कारागिरांच्या रोगांवरील त्याचा ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून तीन शतके लोटली, तरी घाईत सर्वप्रथम हाच प्रश्न गाळला जातो.

रोग्याची भाषा

वाराणसीस गेलेल्या मराठी विद्यार्थ्यापुढे आणखी एक अडचण असते. त्याला हिंदी येते, परंतु खेड्यातून आलेली वृद्ध स्त्री भोजपुरीत बोलते. डोके दुखते हे ती ‘मूड़ पिरात हौ’ असे सांगेल. तापाला ‘बोखार’ म्हणेल. अशा वेळी सोबतच्या नातेवाइकाकडून सर्व वदवून घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. नातेवाईक सांगतो तो त्याने लावलेला अर्थ असतो. रोग्याचे शब्द वेगळे असतात. पहिल्याच आठवड्यात वॉर्डातील परिचारिका व सेवक यांच्याकडून दुखणे, धाप, चक्कर, जुलाब, लघवीची जळजळ, मासिक पाळी यांसाठीचे वीस-पंचवीस स्थानिक शब्द लिहून घेतले, तर पुढचे सहा महिने सुकर होतात.

ही अडचण परप्रांतातच येते असे नाही. आपल्या मराठीतच पाहा. वेदना सांगण्यासाठी सामान्य माणसाजवळ किती शब्द आहेत! गळू ठणकते, जखम ठसठसते, दाढेतून सणक जाते, पाठीत चमक भरते, पोटात मुरडा येतो, छातीत जळजळते, पायाला रग लागते, हाताला मुंग्या येतात. यांपैकी प्रत्येक शब्द निदानाची एक दिशा दाखवितो. येऊन जाऊन उठणारा मुरडा आतड्यासारख्या पोकळ अवयवाकडे बोट दाखवितो, मुंग्या मज्जातंतूकडे. विद्यार्थ्याने या सर्वांचे ‘वेदना’ असे एकच भाषांतर करून कागदावर लिहिले, तर रोग्याने दिलेली माहिती त्याने स्वतःच्या हाताने पुसून टाकली असे होईल. म्हणून रोग्याचे मुख्य गाऱ्हाणे शक्यतो त्याच्याच शब्दांत लिहावे. प्रथम त्याला न अडविता बोलू द्यावे, आणि ‘कळ हाताकडे जाते ना?’ असे उत्तर सुचविणारे प्रश्न न विचारता ‘कळ कोठे जाते?’ असे विचारावे.

पाहणे, हात लावणे, ऐकणे

रोग जाणण्याचे सहा उपाय सुश्रुतसंहितेत सांगितले आहेत: पाच ज्ञानेंद्रिये आणि प्रश्न. आजही क्रम असाच आहे. प्रथम पाहावे. रोगी उताणा झोपू शकतो की उशीला टेकून बसला आहे, बोलताना वाक्य पुरे करू शकतो की नाही, नखे व डोळ्यांची आतील त्वचा फिकी आहे काय, हे खाटेच्या पायथ्याशी उभे राहूनच कळते. व्हिएन्नातील लिओपोल्ड आउएनब्रुगर या वैद्याने छाती बोटाने ठोकून आतील द्रव ओळखण्याची रीत १७६१ साली प्रसिद्ध केली. तो खानावळवाल्याचा मुलगा होता. पिंपावर थाप मारून आतील द्राक्षमद्याची पातळी ओळखण्याची युक्ती त्याच्या परिचयाची होती, असे सांगतात. फ्रान्समधील रने लाएन्नेक याने १८१६ साली कागदाची गुंडाळी छातीला लावून हृदयाचे ठोके ऐकले व त्यातून स्टेथॉस्कोप जन्मास आला.

स्पर्शपरीक्षेतील एक बारकावा येथे सांगणे उपयोगी होईल, कारण गंगेच्या या खोऱ्यात त्याचे महत्त्व फार आहे. हिवताप, काळा आजार यांसारख्या दीर्घ तापांत प्लीहा वाढते. ती डाव्या बरगड्यांखाली असते, म्हणून नवखा विद्यार्थी हात थेट तेथेच ठेवतो. परंतु फार वाढलेली प्लीहा तिरकी उजव्या ओटीपोटाकडे उतरते; विद्यार्थ्याचा हात तिच्या वरच पडतो, कडा सापडत नाही, आणि सर्वांत मोठी प्लीहा नेमकी त्यालाच सापडत नाही. म्हणून तपासणी उजव्या ओटीपोटापासून सुरू करावी आणि रोग्याच्या प्रत्येक श्वासाबरोबर हात थोडा थोडा डाव्या बरगड्यांकडे सरकवावा.

तपासण्यापूर्वी रोग्याची परवानगी घ्यावी, आपण विद्यार्थी आहोत हे स्पष्ट सांगावे, पडदा ओढावा, थंडीत हात चोळून ऊबदार करावेत. स्त्रीरोग्याची तपासणी पुरुष विद्यार्थ्याने परिचारिका किंवा अन्य स्त्री उपस्थित असल्याखेरीज करू नये. एखाद्या खाटेभोवती सकाळपासून चौथा गट जमला असेल, तर आपण पाचवे होऊ नये. रोगी नाही म्हणाला, तर आभार मानून निघावे. खाजगी भ्रमणध्वनीवर रोग्याचे छायाचित्र घेऊन मित्रांना पाठविणे हा विश्वासघात होय.

विद्यार्थ्याचे हात

विद्यार्थी आपल्याला अगदी क्षुल्लक समजतो. त्याच्या हातून काही बरे होत नाही, तसे वाईटही होणार नाही असे त्याला वाटते. हा समज किती घातक आहे ते व्हिएन्ना येथील इतिहासावरून कळते. तेथील मोठ्या सूतिकागृहात दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० बाळंतिणींपैकी ४५९ दगावल्या. दुसऱ्यात ३,७५४ पैकी १०५. गरीब स्त्रिया आपल्याला पहिल्या विभागात नेऊ नये म्हणून विनवण्या करीत. १८४७ च्या मार्च महिन्यात कोलेच्का नावाचे प्राध्यापक शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याच्या चाकूची जखम होऊन मरण पावले. त्यांच्या शरीरात जी लक्षणे आढळली ती बाळंतिणींच्या तापासारखीच होती. इग्नात्स सेमेल्वाइस या तरुण वैद्याने त्यावरून अनुमान काढले: शवविच्छेदन करून थेट प्रसूतिगृहात येणारे विद्यार्थी व वैद्य स्वतःच्या हातांनी मृत्यू घेऊन येतात. त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. १८४८ साली पहिल्या विभागातील मृत्यूंचे प्रमाण सुमारे सव्वा टक्क्यावर आले.

त्या विद्यार्थ्यांपैकी कोणीही दुष्ट वा आळशी नव्हता. उलट, जे अधिक अभ्यासू होते ते शवागारात अधिक वेळ काढीत व अधिक रोग पसरवीत असावेत. म्हणून एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जाताना हात निर्जंतुक करणे हा शिष्टाचाराचा भाग नसून विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून करता येणारा सर्वांत मोठा उपकार आहे. घाटावरील स्नानाने मनाला लाभणारी शुद्धी निराळी आणि रोगजंतू नष्ट करणारी स्वच्छता निराळी, हा भेद तीर्थक्षेत्रात शिकणाऱ्याने विशेष ध्यानात ठेवावा.

सत्याची सवय

सकाळच्या राउंडला प्राध्यापक विचारतात, ‘श्वासाची गती किती?’ विद्यार्थ्याने ती मोजलेली नसते. तो म्हणतो, ‘अठरा’. प्रौढ माणसात विश्रांतीच्या वेळी ती मिनिटाला साधारण १२ ते २० असते, त्यामुळे हे उत्तर कोणाला खटकत नाही. पण खरी गती २८ असेल तर? फुप्फुसाचा दाह वा रक्तातील जंतुसंसर्ग बळावू लागला की वाढती श्वासगती ही पुष्कळदा पहिली सूचना असते. विद्यार्थ्याने आपली लाज राखली आणि रोग्याची सूचना दडपली. हेच ‘अठरा’ कागदावर उतरले, की पुढे येणारा प्रत्येक जण त्यावर विश्वास ठेवतो.

‘आढळले नाही’ आणि ‘मी तपासले नाही’ या दोन उत्तरांतील अंतर रोग्याच्या प्राणाएवढे असू शकते. जो विद्यार्थी ‘तपासले नाही, आता तपासून सांगतो’ असे म्हणतो, त्याला कदाचित दोन शब्द ऐकावे लागतील. पण त्याच्या पुढच्या प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवला जाईल. वॉर्डात कीर्ती याच विश्वासावर उभी राहते.

दिनक्रमाविषयी थोडक्यात सांगता येईल. दहा रोगी धावते पाहण्यापेक्षा दोन रोगी नीट घ्यावेत आणि ते घरी जाईपर्यंत रोज भेटावेत. रोग कसा वळण घेतो हे एकाच भेटीत कळत नाही. दिवसा पाहिलेल्या रोगाविषयी त्याच रात्री वाचावे. चेहऱ्याशी जोडलेले ज्ञान विसरत नाही. राउंडच्या आधी अर्धा तास येऊन रात्री काय घडले हे परिचारिकेला विचारावे. तिला ‘सिस्टर’ म्हणून आदराने हाक मारावी, आणि महाराष्ट्रातील वॉर्डांत ज्यांना सर्वजण ‘मावशी’ म्हणतात त्या सेविकेलाही तोच आदर द्यावा. रोगी जेवला की ताट तसेच राहिले, हे त्यांनाच माहीत असते. ज्याला चार दिवस कोणी बोलले नाही त्याला तपासणीचा अर्थ सोप्या शब्दांत समजावणे, वाट चुकलेल्या नातेवाइकाला क्ष-किरण विभाग दाखविणे, ही कामे कार्यवहीत येत नाहीत. वैद्य मात्र यांतूनच घडतो. परंतु निदान वा परिणाम यांविषयी रोग्याला स्वतःच्या अधिकारात काही सांगू नये. ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे काम आहे.

मृत्यूसमोर

काशीत मृत्यू लपलेला नाही. अहिल्याबाई घाटावरून प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे उत्तरेकडे, थोड्याच अंतरावर मणिकर्णिका आहे. देह येथे पडावा म्हणून दूरदूरहून आलेल्यांसाठी शहरात निवासगृहे आहेत. रुग्णालयात मात्र मृत्यूला पराभव मानण्याची रीत आहे, आणि उपाय संपले की राउंड त्या खाटेपाशी थांबेनासा होतो. विद्यार्थ्याने तेथे थांबावे. औषध लिहिण्याचा अधिकार त्याला नाही. पण ओठ कोरडे पडले आहेत, वेदना वाढली आहे, कूस बदलावयास हवी, हे तो परिचारिकेला व निवासी डॉक्टरांना सांगू शकतो. मुलगा बाहेर घुटमळत असेल तर त्याला आत बोलावू शकतो. वेदनाशमनाचा उपचार हा शेवटच्या श्वासापर्यंत उपचारच असतो. आणि पहिला मृत्यू पाहिल्यावर मन अस्वस्थ झाले, तर ते सहाध्यायाजवळ किंवा शिक्षकांजवळ बोलावे; ते कमकुवतपणाचे लक्षण नव्हे.

साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमानंतर एक वर्षाची आंतरवासिता येते. तेव्हा हाच विद्यार्थी रात्री दोन वाजता वॉर्डात एकटा उभा असतो आणि रोग्याचे डोळे त्याच्याकडे लागलेले असतात. त्या रात्री त्याला गुणपत्रिका उपयोगी पडणार नाही. पूर्वी ज्या खाटांपाशी तो बसला, जे शब्द त्याने नीट ऐकले, जी नाडी खरोखर मोजली, तेच त्याच्या मदतीला येईल. पोस्टिंगमधील यशाची कसोटी म्हणून एकच प्रश्न पुरेसा आहे, आणि तो विद्यार्थ्याने दररोज वॉर्ड सोडताना स्वतःला विचारावा: मी आज येथे आलो, त्यामुळे कोणा एका रोग्याचे काही बरे झाले काय?